दोन सुती बोल्ट

आमच्या भागात नट-बोल्टचा हिशेब सुतात व्हायचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंची बोल्ट तो दोन सुती, पाच-सोळांश इंची तो अडीच सुती, तीन-अष्टमांश तो तीन सुती. सुताराचं माप लोहारानं घेतलं, लोहाराकडून ते मिस्त्रीकडं आलं. १९५६ साली सरकारनं मेट्रिक मापांचा कायदा केला, १९५७च्या एप्रिलात नवे पैसे आले, मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो आला. सूत मात्र कुठं गेलं नाही. आजही गिऱ्हाईक ‘तीन सुती सळई द्या’ म्हणतं आणि दुकानदार दहा मिलिमीटरची काढून देतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सिमेंटमध्ये गाडला जातो, दोघांचंही भागतं. बोल्टचं तसं भागत नाही. ते मला पंधराव्या वर्षी कळलं, आणि कळायला आण्णांचा हात गेला.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. ऊस, भुईमूग, थोडी हळद. १९७४ साली आण्णांनी दोन म्हशी विकून बुलेट घेतली. लष्कराच्या लिलावातली. मूळचा हिरवा रंग खरवडून त्यावर काळा मारलेला, पण टाकीच्या खाली हात घातला की बोटाला हिरवे पोपडे लागायचे. गावात तेव्हा मोटरसायकली दोनच. दुसरी दूधवाल्याची राजदूत. म्हशी विकल्या म्हणून आईनं आठवडाभर अबोला धरला होता. मग एकदा बहिणीला रात्री ताप चढला, आण्णांनी तिला बुलेटवरून वीस मिनिटांत इस्लामपूरला नेलं, आणि अबोला सुटला.

गाडीचं सगळं काम चाचांकडं. एसटी स्टँडच्या मागं, बाभळीखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तरुणपणी ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लेथवर होते. तिथनं बाहेर पडून गावात आले आणि आधी विहिरीवरची इंजिनं, मग सायकली, मग मोटरसायकली दुरुस्त करू लागले. गावातली निम्मी पोरं सुट्टीत त्यांच्याकडं पाने उचलून द्यायला जायची. मीही जायचो. पगार नाही. दुपारी चहा आणि संध्याकाळी हात धुवायला रॉकेल.

त्यांच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला फळी होती आणि फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: ‘२ सूत इंग्लिश’, ‘२॥ सूत इंग्लिश’, ‘इंजन’, ‘जावा’, ‘राजदूत’. १९८५-८६च्या सुमारास एक नवा डबा आला, ‘जपानी’. ह्या डब्यांत काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला ते नुसते बोल्ट वाटायचे. आता वाटतं, त्या फळीवर दीडशे वर्षांचा इतिहास होता, गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलेला.

तो असा. १८४१ पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारखानदारानं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सगळ्यांच्या मधलं असं एक प्रमाण ठरवलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि जाडीप्रमाणे इंचात किती आटे हे नक्की. पाव इंची बोल्टला इंचात २०, पाच-सोळांशला १८. रेल्वेनं ते उचललं आणि रेल्वेबरोबर ते जिथं जिथं इंग्रज गेला तिथं गेलं. आमच्याकडच्या विहिरींवर ठकठकणारी लिस्टर धर्तीची जुनी इंजिनं ह्याच आट्यांवर उभी होती. चाचांचा ‘इंजन’ डबा म्हणजे व्हिटवर्थचा डबा.

पण जाड आटे थरथरीत सैल पडतात. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच ५५ अंशांत बारीक आटे आले, पाव इंचाला २६, पाच-सोळांशला २२. त्याच सुमारास इंग्लंडातल्या सायकलवाल्यांनी आपला वेगळा संसार थाटला. कोन ६० अंश, आणि बहुतेक मापांना सरसकट इंचात २६ आटे. बुलेट बनवणारी मूळ इंग्लिश कंपनी रेडिच गावची. हे गाव शिवणकामाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. कंपनी आधी सायकली करायची, मोटरसायकली नंतर. त्यामुळं बुलेटमध्ये सायकलचे आटेही आले आणि इतर इंग्लिश आटेही. एकाच गाडीत दोन-तीन घराणी.

१९५०च्या दशकात आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी मोटरसायकली हव्या होत्या. ३५० सीसीची बुलेट पसंत पडली आणि १९५५ साली मद्रासला ती बनवायची सोय झाली. आधी सुटे भाग विलायतेहून येत, पुढं सगळं इथंच होऊ लागलं. आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी देशानं इंच सोडायचा कायदा केला, आणि मद्रासच्या कारखान्यात मात्र इंचाचेच आटे पडत राहिले. यंत्रं त्याची, नकाशे त्याचे, साचे त्याचे. रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही इथं बुलेट इंग्लिश आट्यांवरच निघत होती. बोल्ट कायदा वाचत नाही.

दुसऱ्या बाजूनं मेट्रिक गाड्या आल्या. १९६१ पासून म्हैसूरला जावा निघू लागली, चेकोस्लोव्हाकियाची. तिचीच पुढं १९७३ पासून येझदी झाली. राजदूत पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. युरोपच्या त्या बाजूला मेट्रिकच चालायचं. मग १९८४-८५ला जपानी कंपन्यांबरोबर करार होऊन शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्याही मेट्रिक, पण त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आठ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं आपल्याकडं तेराच्या पान्याचं, जपान्यांचं बाराच्या. दहाच्या बोल्टचं आपल्याकडं सतराच्या, त्यांचं चौदाच्या. दहाचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दीड मिलिमीटरच्या आट्यांचा मिळतो. जपानी गाडीत तो सव्वा मिलिमीटरचा लागतो.

हे सगळं एका बाभळीखाली येऊन पडलं होतं आणि त्याचा सांभाळ सातवी शिकलेला एक माणूस करत होता.

१९८६च्या मे महिन्यात बुलेटचं पुढचं मडगार्ड काढलं होतं. म्हशीनं धडक देऊन चेपवलं होतं. चाचांनी ते ठोकून सरळ केलं, रंगवलं, वाळत टाकलं. शुक्रवार होता. नमाजला जाताना ते मला म्हणाले, “मी येऊस्तवर बसव. घट करू नगंस, मी बगतो.”

मी बसवायला घेतलं. मडगार्डच्या पट्ट्या चिमट्याला धरणारे चार बोल्ट. तीन होते, चौथा सापडेना. वाळूत पडला की काय म्हणून चाळणी लावून बघितलं. मग फळीवर चढलो. ‘२ सूत इंग्लिश’मधले सगळे गंजके, तेलकट दिसत होते. शेजारच्या ‘जपानी’ डब्यात एक चकचकीत पिवळसर बोल्ट होता, तेवढ्याच लांबीचा. लावून बघितला. बोटानं फिरवला तर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, तळापर्यंत. बाकीचे तीन तर पान्यानं कुरकुरत गेले होते. मला वाटलं, हाच खरा बरोबर. दहाचा पाना लावून आवळला.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण ह्या एका गोष्टीवर मी पुढं कितीतरी रात्री विचार केलाय. चुकीचे बोल्ट दोन जातीचे असतात. आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट अडीच सुती इंग्लिश भोकात घालून बघा. जाडी जवळजवळ सारखीच, आठ आणि ७.९४. पण त्याच्या इंचात वीस आटे आणि भोकात बावीस. दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. जोर केला तर आटे खातो, पण निदान भांडतो तरी. शहाणा माणूस तिथंच थांबतो. सहा मिलिमीटरचा बोल्ट दोन सुती भोकात घाला. त्याचे इंचात साडेपंचवीसच्या आसपास आटे, भोकात सव्वीस. जवळजवळ जुळतात. जाडीत मात्र तो साडेतीन दशांश मिलिमीटरनं बारीक. म्हणजे आट्यात आटा पुरता बसतच नाही, निम्माच टेकतो. तो भांडत नाही. गुमान आत जातो, हातानं आवळला तर आवळल्यासारखा वाटतो, आणि थरथरीत रोज थोडा थोडा भोक खात बाहेर येतो.

चाचा नमाजहून आले तेव्हा शेडपुढं ट्रॅक्टर उभा होता, उसाच्या टोळीचा. त्यांनी बुलेटकडं लांबूनच बघितलं. “झालं?” “झालं.” “घट केलंस?” मी मान हलवली. संध्याकाळी आण्णा गाडी घेऊन गेले.

साधारण तीन आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी, आण्णा ताकारीकडून भुईमुगाचं बी घेऊन येत होते. गावाच्या अलीकडच्या वळणाला पट्टी सुटून पुढच्या चाकाच्या तारांत गेली. चाक जागेवर थांबलं. आण्णा गाडीवरून पुढं फेकले गेले, पोत्यासकट. बी रस्त्याभर सांडलं. मागनं येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं त्यांना उचललं, आणि मग त्याच गाडीत बुलेटही आली. कोपरात हात मोडला होता. मिरजेला नेलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण हात पुढं कधी सरळ झाला नाही. त्या साली रान वाट्यानं दिलं. पुढच्या सालीही.

चाचा संध्याकाळीच आले. आण्णा सोप्यात बाजेवर पडलेले. चाचा आधी त्यांच्याकडं गेलेच नाहीत. अंगणात बुलेट टेकवून ठेवली होती, तिच्यापुढं उकिडवे बसले, चिमट्याच्या भोकात काडेपेटीची काडी घातली, फिरवली, बाहेर काढून तिला लागलेला पितळी-पांढरा चुरा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी खांबाला धरून उभा होतो. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि आण्णांना म्हणाले, “आण्णा, माज्याकडनं बोल्ट आवळायचा ऱ्हायला. म्हातारा झालो.”

तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

आण्णा काही बोलले नाहीत. आईनं चहा केला तो चाचांनी घेतला नाही. त्यानंतर आमची बुलेट चाचांकडं गेली नाही. आण्णा ती इस्लामपूरला दुसऱ्या मिस्त्रीकडं न्यायला लागले. आण्णांचं बघून आणखी दोघा-तिघांनी गाड्या हलवल्या. गावात बातमी कशी फिरते ते सांगायला नको. आणि मी गप्प बसलो. पंधरा वर्षांचं पोर होतो, घाबरलो होतो, हे खरं. पण पुढं विसाचा झालो, तिशीचा झालो, तरी गप्पच होतो. त्याला कारण देता येत नाही.

मी मात्र चाचांकडं जात राहिलो, घरी न सांगता. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. फक्त पहिल्या दिवशी फळीवरचे सगळे डबे खाली काढले, गोणपाटावर ओतले, ढीग एकत्र केला आणि म्हणाले, “लाव परत.”

ते लावायला मला दिवाळी उजाडली. त्यात मी जे शिकलो ते पुढं इंजिनिअरिंग डिप्लोमाला कुणी शिकवलं नाही. डिप्लोमात मापं शिकवली, ओळख शिकवली नाही. चाचांकडं आटे मोजायची फणी होती, पात्यांची, कारखान्यातनं आणलेली. पण ती ते क्वचितच काढायचे. त्यांची रीत साधी. खात्रीचा एक बोल्ट डाव्या हातात, अनोळखी उजव्या हातात, दोन्ही आडवे धरून आट्यात आटे बसवायचे आणि उजेडाकडं धरायचे. मधनं उजेड दिसला की घराणं वेगळं. उजेड दिसला नाही तरी निश्चिंत व्हायचं नाही. मग नट घ्यायचा, दोन फेरे द्यायचा आणि हलवून बघायचा. डुलला तर बारीक आहे. “आत जातुय म्हंजे आपला न्हवं,” ते म्हणायचे. “आत गेल्यावर धरतुय का बग.”

पान्यांचंही तसंच. इंग्लिश पान्यावर आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यातही व्हिटवर्थचा पाव आणि बारीक आट्यांचा पाच-सोळांश ह्यांची डोकी सारखी, म्हणून एकाच पान्यावर दोन आकडे. दोन सुती बारीक आट्यांच्या बोल्टचं डोकं भरतं सव्वाअकरा मिलिमीटरच्या जरा वर. त्याला अकराचा पाना चढत नाही आणि बाराचा घसरतो. बुलेटचे गोल झालेले नट बघितले की समजायचं, इथं बाराचा पाना येऊन गेलाय. आणि त्या दिवशी मी दहाचा पाना लावला होता तो बिनचूक बसला होता. बाकीच्या तीन बोल्टांना दहाचा चढतच नव्हता. ते तरी मला दिसायला पाहिजे होतं.

लांबीची गोष्ट वेगळी. इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू दिसायला एकसारखे, पण दोन लांब, तीन मध्यम, बाकी आखूड. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकून ॲल्युमिनियम फोडतो. आखूड लांबच्या जागी गेला तर दोनच आट्यांवर लटकतो. चाचा खोक्याचा पुठ्ठा घ्यायचे, त्यावर झाकणाचा आकार खडूनं काढायचे आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी पुठ्ठ्यात खुपसून ठेवायचे. पुठ्ठे शेडच्या छताला सुतळीनं टांगलेले असायचे, एकेका गाडीचा एकेक. वाऱ्यानं हलायचे.

आणि पोलाद. किलोवर मिळणारा बोल्ट बहुतेक साध्या लोखंडाचा, दुकानात ४.६ म्हणतात. गाडीच्या नाजूक जागी ८.८ लागतो, डोक्यावर तसा छाप असतो. पहिला आकडा ताकदीचा: चार म्हणजे चौरस मिलिमीटरला चारशे न्यूटन, आठ म्हणजे आठशे. जुन्या इंग्लिश बोल्टांवर हा छाप नाही. तिथं चाचा कानस ओढून बघायचे. कानस घसरली की बोल्ट कडक.

ह्या गोंधळात आपणच होतो असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसचं विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं तेव्हा ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय तिकडं नव्हतेच, कंपनीला ते स्वतः करून घ्यावे लागले. युद्धानंतर, १९४८ साली, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एकत्र बसले आणि त्यांनी ६० अंशांचे सामाईक आटे ठरवले. आमच्याकडच्या काही ट्रॅक्टरांना तेच आटे. चाचांनी त्यासाठी डबा केला नव्हता. ते बोल्ट एका फुटक्या तांब्यात असायचे.

चाचा २००४ साली गेले. आण्णांना मी सांगितलं ते २००८ला. तोपर्यंत मी पुण्यात नोकरीला होतो. गणपतीला गावी आलो होतो, रात्री जेवणं झाली होती, वीज गेली होती. अंधारात सांगायला सोपं गेलं. आण्णा बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाले, “मग त्येनं चा का घिटला न्हाय ते आत्ता कळलं.” सकाळी उठून बघतो तर बाज रिकामी. काठी घेऊन ते चालत चाचांच्या घरी गेले होते. तासाभरानं परत आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर दर ईदला आमच्या घरनं त्यांच्याकडं गूळ जायला लागला, एवढं मला ठाऊक आहे.

आण्णा २०१३ साली गेले. बुलेट गोठ्यात उभी राहिली, कडब्याच्या पेंढ्यांमागं. २०२१ मध्ये घरी बसून काम करायचे दिवस आले तेव्हा मी गावी होतो. पेंढ्या काढल्या, गाडी अंगणात आणली आणि उघडली. उघडणं सोपं असतं. इस्लामपूरच्या मिस्त्रीनं आणि त्यानंतरच्या कुणीकुणी गाडीत काय काय घातलं होतं ते बघून डोकं फिरलं. पुढच्या चिमट्यात दोन मेट्रिक, झाकणाला एक लाकडाचा स्क्रू, टूलबॉक्सला तार. त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडं मिळत नव्हतं ते त्यांनी भागवलं.

मग शोध. सांगलीत हार्डवेअरच्या चार दुकानांत विचारलं. “इंग्लिश आट्याचे? ते आता कोण ठेवतंय?” एकानं मात्र खालच्या खणातनं डबी काढली. व्हिटवर्थचे निघाले, जाड आट्यांचे. बघताक्षणी कळलं, तरी हातात घेऊन दोन फेरे दिलेच. कोल्हापुरात उद्यमनगरात एका म्हाताऱ्या टर्नरनं हबचे दोन बोल्ट सळईतनं काढून दिले. पैसे घेताना त्यानं विचारलं, “कोन पंचावन्न की साठ?” हे विचारणारा माणूस कितीतरी वर्षांनी भेटला. मी चहाला थांबलो. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जात राहिलो. तिथं गोणपाटावर लोखंडाचे ढीग असतात, आणि ढिगापुढं उकिडवा बसून दोन बोल्ट उजेडाकडं धरणारा माणूस दिसला की विकणारा भाव वाढवतो. हे लक्षात आल्यावर मी आधी भाव ठरवून मग उजेडाकडं धरायला लागलो.

हल्ली इंग्लिश आट्यांचे स्टेनलेसचे संचही घरपोच मिळतात, चकचकीत. मडगार्डला, टूलबॉक्सला चालतील. जिथं जोर येतो तिथं साधं स्टेनलेस नको, हे माझं मत. शिवाय त्या गाडीवर ते सोन्याच्या दातासारखे दिसतात.

शेवटी उरले दोन सुतीच. मडगार्डच्या पट्टीचे चार. संच मागवता आला असता. मी चाचांच्या मुलाकडं गेलो. बाभूळ गेली, शेड पक्कं झालंय. तो आता टायर आणि बॅटरीचं काम करतो. डब्यांचं विचारलं. म्हणाला, “आब्बा गेल्यावर भंगारवाला आलता. किलोवर घातलं सगळं. जागा धरत हुतं.” त्यात त्याची काही चूक नव्हती. राजदूत गेली, जावा गेली, इंजिनांच्या जागी मोटरी आल्या. फळीवर ठेवून तो काय करणार होता?

मी निघालो तर त्यानं थांबवलं. दाराला वारा लागून ते आपटू नये म्हणून एक डबा टेकण दिला होता. गंजून कडा उडालेल्या, पण पांढरा आकडा अर्धा वाचता येत होता. ‘२ सू’. झाकण दोघांनी मिळून पेचकसानं उचकटलं. वर तेलाचं फडकं, घट्ट झालेलं. खाली बोल्ट. वरचा थर गंजला होता, खालचा नाही.

डबा त्यानं मला दिला आणि पैसे घेतले नाहीत. दाराला त्यानं एक वीट लावली.

घरी आल्यावर चिमट्याचं ते एक भोक बघितलं. १९८६ साली खाल्लेले आटे इस्लामपूरच्या मिस्त्रीनं मोठा टॅप मारून मेट्रिक केले होते. कोल्हापूरला परत गेलो. म्हाताऱ्या टर्नरनं भोक मोठं करून त्यात बुश बसवला आणि बुशाला आतून इंचात सव्वीसचे आटे पाडून दिले, साठ अंशांचे. मग डब्यातले चार बोल्ट काढले, रॉकेलमध्ये धुतले, एकेक उजेडाकडं धरला. पट्टी बसवली. पहिले काही फेरे बोटानं, मग कुरकुर सुरू झाली तसा पाना. चारही धरले. चौथा मी आवळला, आणि मग चाचांच्या मुलाला बोलावून एकदा बघायला लावला.